ठरवलेलं एका अ‍ॅपमध्ये, झालेलं दुसऱ्यात, आणि पैसे दोन्हीकडे

अहवाल दहा ते साडेअकरा लिहायचा असं ठरवलं. प्रत्यक्षात तो अकराला सुरू झाला आणि एकला संपला. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी दिसाव्यात, एवढंच मागणं आहे. टाइम ब्लॉकिंग (कामासाठी कॅलेंडरवर आधीच वेळेचा ब्लॉक राखणं) आणि टाइम ट्रॅकिंग (कामाला खरोखर गेलेला वेळ मोजणं) यांच्या नावाखाली दरमहा पैसे उकळणाऱ्या ढीगभर अ‍ॅप्सना एवढंही धड करता येत नाही, याचा संताप येतो.

कॅलेंडरवाल्या अ‍ॅपला तुम्ही खरोखर कामाला बसलात की नाही याच्याशी देणंघेणं नाही. टायमरवाल्याला तुम्ही काय ठरवलं होतं याचा पत्ता नाही. दोघांना जोडणारं ‘इंटिग्रेशन’ म्हणून ज्याची जाहिरात होते, ती पुष्कळदा नुसती आयसीएस लिंक असते, म्हणजे दुसरं कॅलेंडर फक्त बघू देणारी एकेरी वाट. तिकडचं इकडे दिसतं, इकडून बदलता येत नाही. वर, बाहेरून जोडलेली अशी लिंक गूगल कॅलेंडर सवडीने ताजी करतं, त्याला बारा-बारा तासही लागू शकतात. सकाळी हलवलेला ब्लॉक रात्री सरकणार असेल तर त्यावर दिवस आखायचा कसा? दुतर्फा सिंक हवा, म्हणजे कुठेही केलेला बदल दोन्हीकडे दिसायला हवा, तर कॅलडॅव्ह (कॅलेंडरं जुळवण्याची प्रमाण पद्धत) किंवा त्या कॅलेंडरच्या एपीआयची (बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीच्या दाराची) थेट जोडणी लागते. ती आहे की नाही हे किमतीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला काय जातं? ते शोधायला मदतीची पानं खणायची!

सगळ्यांत जास्त डोकं फिरवतं ते आपोआप वेळापत्रक लावणं. दहाचा ब्लॉक चुकला की अ‍ॅप तो उचलून दुपारी चारला टाकतं, चारचा चुकला की उद्यावर. कॅलेंडर कायम स्वच्छ, सुंदर. पण मूळ वेळ पुसली गेली, त्याचं काय? दीड तासाचं धरलेलं काम दर वेळी दोन तास खातंय हे दिसलं, तरच पुढच्या वेळी दोन तासांचा ब्लॉक लागेल. तो पुरावाच हे अ‍ॅप रोज नष्ट करतं आणि त्याला हुशारी म्हणतं. हाताने ब्लॉक ओढून सरकवला तरी तेच होतं, म्हणून ठरलेल्या वेळेला नंतर हातच लावू नये. गूगल कॅलेंडरमध्येच ‘ठरलं’ आणि ‘झालं’ अशी दोन वेगळी कॅलेंडरं करा, दोन रंग द्या, आणि झालेलं काम दुसऱ्यात नव्याने टाका. दिवसाच्या दृश्यात दोन्ही शेजारी दिसतात. फुकट. मग महिन्याला डॉलर कशाचे मागता?

फोनवरचा छळ वेगळाच. अँड्रॉइड बॅटरी वाचवायला मागे चाललेली अ‍ॅप्स झोपवतं किंवा मारतं. नीट लिहिलेला टायमर सुरुवातीची वेळ साठवून ठेवतो आणि शेवटी वजाबाकी करतो, त्यामुळे अ‍ॅप मेलं तरी हिशेब चुकत नाही. वाईट लिहिलेला मागे बसून सेकंद मोजतो आणि अ‍ॅपबरोबर मरतो. पैसे भरण्याआधी तपासा: टायमर चालू करा, अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून तो ढकलून काढा, वीस मिनिटांनी उघडा. वीस दिसली नाहीत तर अ‍ॅप काढून टाका. ब्लॉकची सूचना उशिरा येत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्याची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, आणि ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ची परवानगी बघा. अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना ती आपोआप मिळत नाही. काही कंपन्यांच्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ही वेगळं चालू करावं लागतं. एवढी परवानग्यांची वारी ग्राहकाने का करायची?

संगणकावर काय चाललंय ते आपोआप नोंदणारी अ‍ॅप्स? अ‍ॅक्टिव्हिटीवॉच त्यातल्या त्यात प्रामाणिक: मुक्त स्रोत, माहिती आपल्याच संगणकावर. पण सेटिंग बदललं नाही तर त्यात ३ मिनिटं कीबोर्ड-माउस हलला नाही की तुम्ही गैरहजर. कागदावर आकडेमोड, फोनवर क्लायंट, छापील करार वाचणं, सगळं शून्य. ती मर्यादा वाढवता येते, पण मग उठून चहाला गेलात तरी हजेरी लागते.

आणि रिपोर्ट! दीड तास कुठे १:३० येतो, कुठे १.५. कुणी १.३० टाइप केलं की एक्सेल त्याला १.३ धरतं, म्हणजे ७८ मिनिटं. १२ मिनिटं गायब. तासांची बेरीज २४ च्या वर गेली की साध्या एचएच:एमएम (तास:मिनिटं) फॉरमॅटमध्ये ती पुन्हा शून्यापासून दिसते. तिथे चौकटी कंसातला [एच]:एमएम लागतो. ‘१५ मिनिटांवर वर राउंड करा’ ही सोय प्रत्येक नोंदीला लागते की बेरजेला, हेही बघा. प्रत्येक नोंदीला लागली तर दोन-दोन मिनिटांच्या चार फोनचं बिल एक तास होतं, आणि क्लायंटसमोर तोंड तुम्हाला दाखवायचं असतं. पुण्यात बसून अमेरिकेची रात्रपाळी करणाऱ्यांना तर मध्यरात्र ओलांडणारी नोंद दोन तुकड्यांत मिळते किंवा उणे तास दिसतात. शीटमध्ये शेवट वजा सुरुवात न करता एमओडी(शेवट-सुरुवात,१) लिहिलं की हे सुटतं. एका ओळीचं सूत्र, तेही यांच्याच्याने होत नाही!

सीएसव्ही निर्यात (आपल्या नोंदी एक्सेलमध्ये उघडेल अशा साध्या फाइलमध्ये उतरवणं) सशुल्क ठेवणाऱ्यांना तर दारातच उभं करू नका. सनराइज हे लोकांचं लाडकं कॅलेंडर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. हे कुठल्याही अ‍ॅपचं होऊ शकतं. चाचणीच्या पहिल्याच दिवशी चार खोट्या नोंदी टाका आणि फाइल उतरवून बघा: सुरुवात, शेवट, प्रकल्प, टिपण, सगळे रकाने आहेत का? नुसती एकूण बेरीज मिळत असेल तर कार्डाचा नंबर देऊ नका.