मताची किंमत कोण मोजते

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर तीन दिवस एकच वाद चालला होता. मिरजेत माझ्या चुलत भावाच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि मुलीची ओटी भरायला माझ्या आईने पुढे व्हावे की नाही, हा त्या वादाचा विषय होता. माझे वडील 2019 मध्ये गेले. मुलीला आईचा लळा आहे, म्हणून तिनेच हा विषय काढला. गावातली वडीलधारी माणसे सावधपणे बोलत होती, आत्याचा सरळ विरोध होता, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात, सगळ्यांत लांब संदेश लिहून आईची बाजू मांडत होतो ते आम्ही परदेशात राहणारे पाच जण. पहिल्या दिवशी त्यांत मीही होते. दुसऱ्या दिवशी मात्र मी लिहायचे थांबवले.

आईला शुभकार्यात मागे उभे करणे अन्यायाचे आहे, याविषयी माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. मी थांबले ते सहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली म्हणून. वडील गेले तेव्हा जर्मनीहून मिरजेला पोहोचायला मला तिसरा दिवस उजाडला. तोवर आईच्या बांगड्या फुटल्या होत्या, जोडवी निघाली होती, कुंकू पुसले गेले होते. मी सगळ्यांसमोर चिडून बोलले, हे कोणी केले म्हणून विचारले, आणि आईने बांगड्या पुन्हा घालाव्यात असा आग्रह धरला. रात्री घर शांत झाल्यावर आई म्हणाली, "तू पंधरा दिवसांनी जाशील. मला या गल्लीत राहायचंय. हळदीला, बारशाला, कुणाच्या आजारपणाला याच बायका माझ्याकडे येणार आहेत आणि मी त्यांच्याकडे जाणार आहे." मत माझे होते, पण त्याची किंमत तिने मोजावी असे मी तिला सुचवत होते, आणि तेही तिला न विचारता.

स्वतःच्या मतांना धरून वागण्याविषयी आपण बोलतो तेव्हा धैर्य आणि भित्रेपणा या दोनच मापांनी मोजतो. मला तिसरे माप फार महत्त्वाचे वाटते: या मताची झळ नेमकी कोणाला लागणार आहे? मराठी समाजाला हा प्रश्न नवा नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला, पुढे त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते. त्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारणावादी मंडळींनाच ते फार लागले. रानड्यांना स्वतःला त्या प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती. बहिष्कारामुळे ज्यांच्या घरची कार्ये अडली होती, ज्यांच्या घरात कलह माजला होता, त्या सोबत्यांची वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांनी मान तुकवली. शाळेत हे प्रकरण शिकताना मला रानडे कमी पडले असे वाटले होते. आज मी तसे म्हणणार नाही, आणि ते पूर्ण बरोबर होते असेही म्हणवत नाही, कारण त्यांच्या उंचीच्या माणसाने मान तुकवल्यावर लहान माणसाला ताठ उभे राहणे अधिकच अवघड झाले असणार. पुढच्याच वर्षी, 11 मार्च 1893 रोजी, धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे मागे हटले नाहीत. पण त्या बहिष्काराची झळ गावात राहिलेल्या त्यांच्या घरच्यांनाही लागली, हे आपण त्यांचा गौरव करताना सहसा सांगत नाही.

मी राहते त्या श्टुटगार्टच्या परिसरात मतांना धरून वागणे मला फार वेगळ्या रूपात दिसले. इथे ख्रिस्ती चर्चच्या नोंदणीकृत सदस्याच्या पगारातून चर्चकर कापला जातो; आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात तो आयकराच्या आठ टक्के असतो. ज्याला चर्च सोडायचे आहे त्याने सरकारी नोंदणी कार्यालयात जायचे, शुल्क भरायचे आणि सही करायची. कोणी कारण विचारत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने अशी सही केली, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो आजही आईला घेऊन तिच्या गावच्या चर्चमध्ये जातो व तिच्या शेजारी बसतो. यात विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. सही त्याच्या श्रद्धेविषयी होती आणि चर्चमधला तो तास आईसाठी असतो, असे तो म्हणतो.

त्याच्याहून वयाने मोठ्या असलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जर्मनीच्या 1949 च्या राज्यघटनेतील चौथ्या कलमानुसार कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध शस्त्र घेऊन युद्धसेवा करायला भाग पाडता येत नाही. सक्तीची लष्करी सेवा 2011 मध्ये स्थगित होईपर्यंत, ज्यांनी शस्त्र नाकारले त्यांना त्याऐवजी नागरी सेवा करावी लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, त्याची वेळ आली तेव्हा, लष्करी सेवा 15 महिन्यांची होती आणि नागरी सेवा 20 महिन्यांची. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालणे, भरवणे, रात्री कूस बदलून देणे हे काम त्याने वीस महिने केले. तो म्हणतो की ते जादा पाच महिने त्याला तेव्हा शिक्षेसारखे वाटले होते, पण आपले मत खरे होते की सोयीचे, हे त्याला स्वतःला त्या पाच महिन्यांमुळे कळले. इथल्या व्यवस्थेत सगळे चांगलेच आहे असे मी म्हणत नाही. परक्या नावाच्या माणसाला घर भाड्याने मिळवताना काय सोसावे लागते हे मी पाहिले आहे. पण मताची किंमत ठरलेली असणे, ती उघड असणे आणि मत बाळगणाऱ्यानेच ती मोजणे, ही रीत मला न्याय्य वाटते.

आपल्याकडे ती किंमत ठरलेली नसते. ती कधी आणि कोणाकडून वसूल होईल हे सांगता येत नाही, आणि बहुतेक वेळा ती घरातल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाकडून वसूल होते. म्हणूनच मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केलेला ठराव मला इतका मोलाचा वाटतो. पती वारल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा तो ठराव होता, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. राजर्षी शाहूंच्या निधनाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. हेरवाड आमच्या मिरजेपासून फार लांब नाही. ठरावाने माणसांची मने एका दिवसात बदलली असे कोणी म्हणणार नाही, पण एक ओझे मात्र नक्की हलके झाले: नवरा गेल्याच्या दिवशी, अंगात बळ नसताना, एकट्या बाईने गल्लीविरुद्ध उभे राहायचे तिला कारण उरले नाही, कारण तिच्या वतीने गाव आधीच बोलले होते. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगणारा महाराष्ट्राचा कायदाही 2017 पासून लागू आहे. पण ओटी भरताना कोणी हात मागे घेतला तर तो बहिष्कार कोणत्या कायद्यात बसणार? तिथे ठराव आणि शेजारच्या चार बायकाच उपयोगी पडतात.

परदेशातल्या आपल्या माणसांविषयी एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. जिथे किंमत जवळजवळ शून्य आहे, तिथेही आपण मते वापरत नाही. आमच्या इथल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कित्येक वर्षे फक्त सवाष्णींना बोलावणे जात होते. इथे गल्ली नाही, भावकी नाही, कोणाचे लग्न अडणार नाही, तरीही मी हा विषय काढला तेव्हा "भारतातून आलेल्या सासूबाईंना काय वाटेल" असे उत्तर मिळाले. गटावर माझ्या आईची बाजू हिरिरीने मांडणाऱ्यांपैकी एक बहीण त्या बैठकीत होती आणि ती काही बोलली नाही. गेल्या जानेवारीत आम्ही चौघींनी आमच्या घरी सगळ्यांना बोलावले. नाशिकहून मुलाकडे आलेल्या एका काकूंना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिले. त्या आल्या, तीळगूळ आणि वाण घेतले, पण कुंकवाची डबी पुढे केल्यावर "नको गं, मला सवय नाही" म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. त्यांना दार उघडे ठेवणे माझे काम होते; आत येऊन काय घ्यायचे ते त्या ठरवणार होत्या.

मिरजेच्या लग्नाविषयी मी गटावर लिहिण्याऐवजी आईला फोन केला आणि तिला काय हवे आहे ते विचारले, जे आमच्यापैकी कोणीही तीन दिवसांत विचारले नव्हते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ओटी मी भरेन. पोरीला हवंय आणि मलाही हवंय. पण तुझ्या आत्याशी भांडायला मला लावू नका. ते तू कर, आणि समोर बसून कर, फोनवरून नको." मी मार्गशीर्षातली रजा टाकली आहे. लग्न झाल्यावर लगेच निघायचे असे आधी ठरवले होते. आता आणखी तीन आठवडे मिरजेत राहणार आहे, म्हणजे मांडव उतरल्यावर जी बोलणी येतील ती आईच्या दारात मी ऐकून घेईन.