संविधान ‘उसनं’ म्हणता? मग त्यात तळं कुठून आलं?

प्रजासत्ताक दिन जवळ आला की एक मेसेज फिरतो: ‘आपलं संविधान म्हणजे १९३५च्या ब्रिटिश कायद्याची नक्कल. वर अमेरिका, आयर्लंडचे तुकडे चिकटवले. त्यात आपलं असं काही नाही.’ यंदा तो आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही आला. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनीच तो पुढे पाठवावा, याचं फार वाईट वाटलं.

१९३५च्या कायद्यातला बराच मजकूर घेतलाय, हे खरं. हा आक्षेप तेव्हाही आला होता आणि ४ नोव्हेंबर १९४८ला बाबासाहेबांनी संविधान सभेत त्याचं उत्तर दिलं: घेतलेला भाग मुख्यतः कारभाराच्या तपशिलांचा आहे आणि घटनेच्या मूळ कल्पनांवर कुणाची मालकी नसते. शिवाय त्या कायद्यात मूलभूत हक्क नव्हते, मताचा अधिकार थोड्यांनाच होता. आपण एकदम सगळ्या प्रौढांना मत दिलं, बायकांसकट. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडलं. मग ही नक्कल कुणाची?

‘तुकडे चिकटवले’ म्हणायचं तर, मसुद्यावर साडेसात हजारांहून जास्त दुरुस्त्या आल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. चिकटवाचिकटवीला एवढा खल कोण करतं?

राहिलं ‘आपलं काही नाही’. कलम १५ उघडा, दुसरा खंड वाचा. जातीच्या, धर्माच्या कारणावरून कुणाला अडवायचं नाही अशा जागांची तिथे यादी आहे: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. गेल्या वर्षी हे वाचताना आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, कायद्यात तळं कशाला लिहिलंय?”

पुस्तक मिटलं आणि महाड सांगितलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३लाच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि पाणी भरायला गेलेल्यांच्या बाजूनं कोर्टाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडलं.

ती यादी असलेल्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्याच तळ्यावर पाणी प्यायलेला माणूस होता. मुलीनं वहीत ‘तलाव’ शब्दाखाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘महाड’.