चालू गाडीची बॅटरी सोडवून अल्टरनेटर तपासू नका

‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला’ असा मेसेज फिरतोय. (अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग.) कृपया असं करू नका. अल्टरनेटरच्या आधी, डायनॅमोच्या जमान्यात हे खपून जायचं. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं. अल्टरनेटरमधले डायोड, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, कधी ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) सुद्धा जळतो. आणि मेकॅनिकल पंपाची बरीच जुनी डिझेल इंजिनं विजेशिवायही धडधडत राहतात, मग कळलं काय?

साधा मल्टिमीटर घ्या आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलला लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चालू गाडीतही १२ च दिसले तर आधी अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट बघा.

आपल्या किनारपट्टीवर, मालवण असो की गुहागर, निम्मा घोळ खाऱ्या हवेचा. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी दिसते तरी. इंजिनची अर्थिंग पट्टी (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) मात्र आतून सडते, गाडी सुरू होत नाही आणि भुर्दंड नव्या बॅटरीचा पडतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी बदला. वायर काढायची ती इंजिन बंद करून, निगेटिव्ह आधी.