हक्क गुंडाळायचे, पण कोणाचे?

"धोका खरा असेल तर हक्कबिक्क गुंडाळून ठेवावेत," बंड्याने निकालच देऊन टाकला. "ज्यानं काही केलं नाही, त्यानं फोन तपासू द्यायला घाबरायचं कशाला?"

"मग दे तुझा," म्हणत वकिलाने हात पुढे केला. बंड्याने फोन चटकन खिशात सरकवला. "माझा कशाला? मी काय संशयित आहे?"

कट्टा खो खो हसला. मला विचाराल तर वाद इथेच संपला होता, पण बंड्या असा हार मानणाऱ्यातला नाही.

मास्तरांनी 1954 सालची अमेरिका काढली. कम्युनिस्टांच्या भीतीचा तो ऐन भर. सॅम्युअल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाने देशभर पाहणी केली. कम्युनिस्टाला तुमच्या गावात भाषण करू द्याल का? शंभरातले 27 जण हो म्हणाले. कॉलेजात शिकवू द्याल का? फक्त 6. "आणि गंमत ऐका," मास्तर म्हणाले. "त्याच लोकांना तुम्हाला काळजी कसली वाटते, असं मोघम विचारलं, तर पैसा, आजारपण, घरचे प्रश्न. कम्युनिस्टांचं नाव घेणारा शंभरात एकही भरेना."

"म्हणजे झोप कोणाचीच उडाली नव्हती," मी म्हटलं, "फक्त ती माणसं नको होती."

"ते जाऊ दे," बंड्या उसळला. "2001 मध्ये अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यात तीन हजार माणसं मेली, तीही काय मनातलीच भीती?"

मुद्दा बिनतोड होता. वकीलही नाही म्हणाला नाही. पण दीड महिन्यात तपास यंत्रणांना जादा अधिकार देणारा पेट्रियट कायदा झाला, सिनेटमध्ये 98 विरुद्ध 1 मतांनी, आणि पुढे त्याच कायद्याच्या आधारे कोट्यवधी साध्या लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा झाल्या, हे त्याने ऐकवलंच. 2013 मध्ये ते फुटलं, 2015 मध्ये कायदा करून थांबवावं लागलं.

"लोकांना चाललं ना तेव्हा?"

"सगळ्यांना नाही," मास्तर म्हणाले. हल्ल्यानंतर काही महिन्यांतच डेव्हिस आणि सिल्व्हर या दोन अभ्यासकांनी लोकांना हेच विचारलं होतं. सरकारवर ज्यांचा भरवसा जास्त, ते हक्क सोडायला जास्त तयार. कृष्णवर्णीय मात्र सहजी तयार होईनात. धोका त्यांनाही दिसत होता, पण सरकारी ताकद कोणावर उगारली जाते हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलेलं.

बंड्या जरा नरमला. "बरं, मग करायचं काय? हल्ला होऊ द्यायचा?"

"कायदा कर, पण मुदत घाल. आणि कोर्टाचा दरवाजा बंद करू नकोस," वकील म्हणाला.

"कोर्ट?" आता मास्तरच उलटले. "1976 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी काय सांगितलं? आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. आणि मुदतीचं म्हणशील, तर पेट्रियट कायद्यातल्या 16 कलमांना होती ना मुदत! 2006 मध्ये त्यातली 14 कायमची करून टाकली."

"म्हणून मुदत घालूच नये?" वकील चिडला. "उरलेली दोन परत परत मतदानाला आली ना? फोनच्या नोंदी त्यातल्याच एका कलमाखाली घेत होते. मुदत संपत आली म्हणूनच 2015 मध्ये तो विषय निघाला."

"पण थांबवायला 2006 नंतर नऊ वर्षं लागली," बंड्या म्हणाला. या वेळी तो कोणाच्या बाजूने बोलत होता, ते त्यालाही ठाऊक नसावं.