बंडू बाळंत झाला

बंडू नर आहे असं आम्हाला तोंडी सांगण्यात आलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघाला होता. त्याच्याकडे कॉर्न स्नेक जातीचे दोन साप होते. म्हणे दोघे भाऊ, एकाच पेटीत गुण्यागोविंदानं राहतात. एक त्याने सोबत नेला आणि दुसरा आमच्या लेकीच्या गळ्यात पडला, अगदी शब्दशः. केशरी अंग, त्यावर तांबडे डाग, पोटावर काळी-पांढरी चौकडी, लांबी चारेक फूट, आणि विष औषधालाही नाही. सईने त्याचं नाव बंडू ठेवलं.

सापाचं नर-मादी नुसतं वरून बघून ठरवता येत नाही, जाणकाराने शेपटीच्या मुळाशी बोथट सळई घालून तपासावं लागतं, हे ज्ञान आम्हाला नंतर झालं. भाऊ इतके गुण्यागोविंदानं का राहत होते, तेही नंतरच कळलं.

मे महिन्यात बंडूने जेवण टाकलं आणि तरीही तो फुगत चालला. "दिवसभर बसून असतो. माझंही असंच झालंय," नवरा सहानुभूतीने म्हणाला. मग बंडूने कात टाकली. सापाची मादी अंडी घालायच्या आठ-पंधरा दिवस आधी कात टाकते, असं सईने ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचून दाखवलं. "पण बंडू मुलगा आहे," असं म्हणून आम्ही ते पुस्तक मिटलं.

जून २०२२ चा पहिला आठवडा. राणीच्या राज्यारोहणाला ७० वर्षं झाली म्हणून अख्ख्या इंग्लंडला सुट्टी. रेडिंगमधल्या आमच्या गल्लीत पताका लागलेल्या, रस्त्यात टेबलं मांडलेली, आणि भारताची बाजू सांभाळायला मी बटाटेवडे तळतेय. तेवढ्यात सई जिना उतरत ओरडली, "बंडूने अंडी घातली! अजून घालतोय!"

एकूण १४. लांबट, पांढरी, हाताला मऊ चामड्यासारखी लागणारी, आणि एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गठ्ठा झालेला. सगळं आटोपल्यावर बंडूने त्या ऐवजाकडे एकदाही न बघता पाण्याच्या भांड्यात जाऊन बसकण मारली.

"बाळंतीण आणि गार पाण्यात?" मागून सासूबाईंचा आवाज आला.

इथे सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. कोविडमुळे रखडलेला त्यांचा व्हिसा त्याच वसंतात मिळाला होता आणि त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. घरात साप आहे हे आम्ही त्यांच्यापासून आठवडाभर लपवलं. खोलीला कुलूप, खुणांची भाषा, सगळं केलं. हे शुद्ध अज्ञान होतं, कारण त्यांचं माहेर सांगली जिल्ह्यातलं, बत्तीस शिराळ्याचं. लहानपणी त्यांच्या दारात नागपंचमीला मडक्यातून जिवंत नाग यायचा आणि त्यांची आई त्याला ओवाळायची. गोरक्षनाथ भिक्षेला आले, घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, नाथ म्हणाले खऱ्याची करशील का, आणि तेव्हापासून ती रीत पडली, अशी तिथली कथा. पुढे कोर्टाने जिवंत नाग पकडायला बंदी घातली. ते योग्यच झालं असं माझं मत आहे. सासूबाईंचं नाही. तर कुलपाआड चार फुटी कॉर्न स्नेक पाहून त्या म्हणाल्या, "एवढंच व्हय? मला वाटलं, दारूबिरू ठेवलीया."

भारतात असं काही करायची सोयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरात पाळणं हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. पण इंग्लंडात कॉर्न स्नेक बाळगायला परवाना लागत नाही. त्याची अंडी उबवायलाही लागत नाही. लागतं ते सामान, आणि सणाच्या सुट्टीत सरपटणाऱ्या प्राण्यांचं दुकान बंद होतं.

मग घरातलंच गोळा केलं. गोठवलेली सुरमई ज्यातून आली होती तो थर्मोकोलचा खोका. त्याचा वास गेलेला नव्हता, तो अजूनही गेलेला नाही. शेजारच्या आजोबांकडचा, मासे मेल्यामुळे रिकामा पडलेला मत्स्यपेटीचा हीटर. दोन विटा. आइस्क्रीमचा दोन लिटरचा डबा. आणि बागकामाच्या दुकानातून व्हर्मिक्युलाइटची पिशवी, म्हणजे रोपांच्या मातीत घालतात तो चकचकीत, हलका खनिजाचा चुरा. खोक्याच्या तळाशी चार बोटं पाणी, पाण्यात हीटर, पाण्याबाहेर डोकावणाऱ्या विटांवर आइस्क्रीमचा डबा, डब्यात ओला व्हर्मिक्युलाइट, त्यात अर्धी रुतवलेली अंडी. वरचं झाकण जरा तिरकं, म्हणजे वाफेचे थेंब अंड्यांवर न पडता कडेने ओघळतात. झालं उबवणीयंत्र.

व्हर्मिक्युलाइट किती ओला करायचा? पुस्तक म्हणतं, वजनाला वजन पाणी. नवऱ्याने स्वयंपाकघरातला काटा काढला, ग्रॅमचा हिशेब मांडला, आणि दशांश चिन्हावर अडला. तोपर्यंत सासूबाईंनी पाणी ओतून, कालवून, मूठभर चुरा दाबून बघितला होता. "गोळा व्हायला पायजे, पण पाणी गळता कामा न्हाई. मटकीला मोड आणताना फडकं असंच पिळतो की." नंतर वजन केलं तर बरोबर निम्मं निम्मं भरलं. नवऱ्याने तो काटा खराब आहे असं जाहीर केलं.

आता खरा छळ सुरू झाला, आणि तो असा की करण्यासारखं काहीच उरलं नाही. कोंबडी अंडी उलटीपालटी करत राहते. सापाच्या अंड्याला तसं चालत नाही. आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि नंतर अंडं फिरवलं तर तो दगावू शकतो. म्हणून प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली मारायची आणि ती फुली जवळजवळ ६० दिवस आकाशाकडे ठेवायची. गठ्ठा सोडवायचा नाही. हात लावायचा नाही. तापमान २८ अंशांच्या आसपास ठेवायचं. हवा बदलायला आठवड्यातून एकदा झाकण उघडायचं आणि बंद करायचं. बस्स.

हे आमच्यासारख्या कुटुंबाला कसं जमावं? आमच्या घरात भात शिजतानाही तिघंजण झाकण उचलून बघतात. नवऱ्याने खोक्यात तापमापक सोडून त्याची तार बाहेर काढली आणि तासातासाची नोंद संगणकावर ठेवायला घेतली. आलेख आखला. २७.९ दिसलं की त्याचा चेहरा पडायचा. त्यातच एप्रिलपासून वीज आणि गॅसच्या दरांवरची सरकारी मर्यादा ५४ टक्क्यांनी वर गेलेली. मागच्या हिवाळ्यात आम्ही घरात दोन-दोन स्वेटर घालून बसलो होतो, आणि आता अंडी चोवीस तास ऊब घेत होती. "बंडू स्वतः का बसत नाही त्यांच्यावर?" नवऱ्याने एकदा वैतागून विचारलं. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून, अंग थरथरवून ती गरम ठेवते, असं सईने सांगितलं. बंडू त्या घराण्यातला नव्हता. तो आता पुन्हा जेवायला लागला होता आणि सासूबाई त्याच्यासाठी डिंकाचे लाडू वळायला निघाल्या होत्या. मोठ्या मिनतवारीने ते लाडू आम्ही आमच्याकडे वळवले.

एका रात्री अंडी 'बघायचा' कार्यक्रम झाला. अंधारात अंड्याला मोबाइलचा दिवा टेकवला की जिवंत अंडं आतून गुलाबी दिसतं आणि त्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. अंधार हवा म्हणून आम्ही चौघं जिन्याखालच्या कपाटात शिरलो. व्हॅक्यूम क्लीनर, छत्र्या, इस्त्रीचं टेबल, सासूबाई, आणि सुरमईचा वास. १२ अंड्यांत शिरा होत्या. दोन पिवळट, आत काहीच नव्हतं. सई रडवेली झाली. नवरा काही बोलेना, तर दिव्याच्या उजेडात बघते तो त्याचेच डोळे भरलेले. तो माणूस तोवर बंडूच्या खोलीत मोजे घालून, पँट मोज्यांत खोचून जात असे.

आणि मग जुलै आला. १८ आणि १९ तारखेला हवामानखात्याने उष्णतेचा लाल इशारा दिला, इथल्या इतिहासातला पहिला. १९ ला लिंकनशरमध्ये ४०.३ अंशांची नोंद झाली. इंग्लंडात तेवढं तापमान कधीच मोजलं गेलं नव्हतं. आमच्याकडेही पारा पस्तिशीच्या पार. हे ऐकून विदर्भातली मंडळी हसतील, त्यांनी खुशाल हसावं. इथली घरं ऊब कोंडून ठेवायला बांधलेली असतात, घरात पंखा नसतो, आणि दुकानातले सकाळीच संपलेले. महिनाभर आम्ही तापमान पडू नये म्हणून जागलो, आता ते चढू नये म्हणून जागू लागलो. ३२ च्या वर राहिलं तर पिल्लं वाकडीतिकडी निपजतात किंवा मरतात. हीटर बंद केला, तरी आकडा चढतोच आहे. ३०. ३०.४. नवऱ्याने ऑफिसच्या बैठकीत कॅमेरा बंद करून आलेख उघडला.

सासूबाईंनी खोका उचलून जिन्याखालच्या कपाटात नेला, भोवती ओली चादर गुंडाळली आणि समोर दार किलकिलं ठेवून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या. दर थोड्या वेळाने चादरीवर पाण्याचा हबका. आकडा २९ वर येऊन थांबला. बाहेर रेल्वे ठप्प होती, विमानतळाची धावपट्टी वितळल्याच्या बातम्या होत्या, आणि आमच्या घरात एक बाई सापाच्या अंड्यांना वारा घालत नातीला नागपंचमीची कहाणी सांगत होती. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात घुसला, नागिणीची पिल्लं मेली, मग तिने त्याचं अख्खं घर डसून काढलं. "म्हणून सांगते, ह्यातल्या एकाला जरी काय झालं, तर बंडू आधी तुझ्या बापाला धरंल." नवऱ्याने बैठक चालू असतानाच दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

भिंतीवरच्या कालनिर्णयात दिवस मोजले, तर साठावा दिवस बरोबर २ ऑगस्टला पडत होता. त्या चौकोनात नागाचं चित्र छापलेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून त्यांची चाल बदलली.

त्याच्या आदल्या संध्याकाळी अंडी चेपली, खड्डे पडले. पिल्लं बाहेर यायच्या आधी असं होतं. रात्री पहिल्या अंड्यावर एक बारीक चीर दिसली. पिल्लाच्या नाकाशी तात्पुरता दात असतो, त्याने ते कवच कापतं, नाक बाहेर काढतं, आणि थांबतं. कधी एक दिवस, कधी दोन. आत उरलेला बलक अंगात जिरेपर्यंत ते हलत नाही. म्हणजे पुन्हा काहीच करायचं नाही.

सकाळपर्यंत पाच नाकं बाहेर, बाकी अंडी गप्प. नवरा खोक्यासमोर रात्रभर बसलेला. "आतल्यांना श्वास कोंडत असेल. मी नखांच्या कात्रीने अगदी हलकेच..."

"खबरदार!" सासूबाई स्वयंपाकघरातून गरजल्या. "आज नागपंचमी हाय. आज ह्या घरात काय चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तव्यावर टाकायचं न्हाई."

कात्र्या, सुऱ्या, विळी, सगळं त्यांनी पहाटेच एका पिशवीत घालून गादीखाली ठेवलं होतं. नवऱ्याने दाढीचं ब्लेड शोधलं, तेही गायब. सापांच्या पुस्तकात अंडं कापू नये याची दोन पानं कारणं दिली होती आणि नवऱ्याला ती सगळी पाठ होती, पण कात्री त्याच्या हाताबाहेर ठेवली ती पंचमीने. आम्ही वाफवलेली पुरणाची दिंडं खाल्ली, पाटावर चंदनाने काढलेल्या नागाला लाह्या वाहिल्या. बंडूसमोर दुधाची वाटी ठेवायचा बेत सईने हाणून पाडला. साप दूध पीत नाहीत, त्यांना ते पचत नाही. "शिराळ्यात मलाबी ठाऊक हाय ते," सासूबाई म्हणाल्या, "पण वाटी ठेवायची असती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा बाहेर. प्रत्येक पिल्लू वीतभर, पेन्सिलीएवढं जाड, आणि हात पुढे केला की शेपूट थरथरवून आम्हाला धमकावणारं. प्रत्येकाला वेगळा डबा लागतो, त्यामुळे घरातले श्रीखंडाचे, लोणच्याचे, सगळे डबे गेले. सासूबाईंनी शिराळ्याला व्हिडिओ कॉल लावून भावकीला दर्शन घडवलं. तिकडून एका काकांनी "विलायती हाईत, पण जातीचे वाटत न्हाईत" असा शेरा मारला.

खरा पेच आठवड्याने आला. पिल्लांनी पहिली कात टाकली. त्यानंतर पहिलं जेवण द्यायचं असतं, ते म्हणजे नुकती जन्मलेली, गोठवलेली, बोटाच्या पेराएवढी उंदराची पिल्लं. सईने पिशवी आणून फ्रीजरमध्ये ओल्या नारळाच्या डब्याशेजारी ठेवली, आणि सासूबाईंनी फ्रीजर उघडला.

"श्रावणात?"

बंडूचं त्यांनी आषाढापर्यंत चालवून घेतलं होतं. पण श्रावणात त्या घरात अंडंसुद्धा फोडू देत नाहीत. नवऱ्याने जीवशास्त्र सांगितलं, सईने पुस्तक आणलं. शेवटी मांडवली अशी झाली की पिशवी शेजारच्या आजोबांच्या फ्रीजरमध्ये जाईल, जेवण गॅरेजमध्ये होईल, आणि त्यातलं काहीही सासूबाईंच्या कानावर येणार नाही.

त्या रात्री आम्ही गॅरेजमध्ये बारा डब्यांत बारा घास ठेवले, गरम पाण्यात नीट वितळवून, कोरडे करून. सकाळी बघितलं तर आठ जणांनी जेवणाला तोंडही लावलेलं नव्हतं. कॉर्न स्नेकची नवजात पिल्लं पहिल्या खेपेला असं बऱ्याचदा करतात, बलकाच्या शिदोरीवर त्यांचं काही आठवडे भागतं, हे सई सांगत असतानाच गॅरेजच्या दारात सासूबाई उभ्या. त्यांनी एकेका डब्यात वाकून पाहिलं आणि उपाशी आठांकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाल्या, "बघ. ह्यांना कळतं श्रावण. ते चार तुझ्यावर गेलेत."