यंत्रमागाची पैठणी ‘तीच’ नसते

लग्नसराई जवळ आली की एक दावा हमखास फिरू लागतो. यंत्रमागावर तीच पैठणी कितीतरी स्वस्त मिळते, हातमाग हा अनुदानावर तग धरलेला मूठभरांचा धंदा आहे, त्यात विणकराचे पोट भरत नाही आणि रेशीमही कर्नाटकातून येते. तेव्हा तो बंद पडला तरी महाराष्ट्राच्या खेड्यांचे काही बिघडणार नाही, असा त्याचा आशय असतो. यातली मजुरीची गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी ‘तीच पैठणी’ पाहू. येवल्यात पारंपरिक पदर विणताना बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा या काठापासून त्या काठापर्यंत सलग जात नाही. मोराच्या मानेचा, पिसाऱ्याचा, भोवतालच्या जरीचा असे वेगवेगळे धागे तिल्ल्यांवर, म्हणजे लहान रिळांवर, गुंडाळलेले असतात. विणकर प्रत्येक धागा त्याच्या नक्षीच्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि तिथूनच मागे फिरवतो. म्हणूनच पदर उलटून पाहिला तरी नक्षी सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या जॅकार्ड (नक्षी आपोआप उमटवणारे यंत्र) पदरात मात्र नक्षीत नको असलेला धागा मागच्या बाजूने मोकळा जातो किंवा कापून टाकलेला असतो. ही साडी स्वस्त आहे म्हणून कुणी घेतली तर त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते तिला हातमागाची म्हणून विकणे. विदर्भातल्या करवती साडीतही टसरचे (एक प्रकारच्या वन्य रेशमाचे) अंग आणि काठ यांचे धागे फेरीगणिक एकमेकांत अडकवत तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधने, चालवावे लागतात, तेव्हा काठाला करवतीसारखे दाते येतात.

अनुदानाचा आक्षेप एकांगी आहे, कारण महाराष्ट्रात यंत्रमागालाही वीजदरात सवलत मिळते. हातमागाचे मुख्य संरक्षण पैशाचे नसून कायद्याचे आहे. 1985 च्या कायद्यानुसार आज ठरावीक प्रकारच्या साड्यांसह 11 प्रकारच्या वस्तू हातमागासाठी राखीव आहेत आणि 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. अडचण अंमलबजावणीची आहे.

‘मूठभर’ हा शब्दही टिकत नाही. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशभर 35 लाखांहून अधिक विणकर आणि पूरक कामगार नोंदले गेले, आणि विणकरांमध्ये सुमारे 72 टक्के महिला होत्या. त्यात महाराष्ट्राचा वाटा लहान आहे, हे मान्य.

आता मजुरी. त्याच गणनेनुसार सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न 5,000 रुपयांपेक्षा कमी होते, आणि ही लाजिरवाणी स्थिती कुणी झाकू नये. पण ती कशामुळे आली? अनेक विणकरांकडे रेशीम विकत घेण्याइतके भांडवल नसते. व्यापारी ताणा (उभे धागे), बाणा आणि नक्षी देतो व नगावर मजुरी मोजतो, त्यामुळे दुकानातली किंमत वाढली तरी ती वाढ मागापर्यंत पोचत नाही. शिवाय यंत्रमागावरची जॅकार्ड साडी हातमागाची म्हणून खपते तेव्हा खऱ्या पैठणीचा भावही तिच्याशी तुलना करून पाडला जातो. गिऱ्हाइकाने एवढे लक्षात ठेवावे की ‘सिल्क मार्क’ रेशमाच्या शुद्धतेची हमी देतो, मागाची नव्हे. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ पाहावा लागतो.

राहिला रेशमाचा मुद्दा. येवल्याच्या मागांवर बंगळूरचे रेशीम मोठ्या प्रमाणात येते, हे खरे. पण बीड आणि जालन्यात तुती लावणारे शेतकरी आज रेशमाच्या अळ्यांचे कोष पिकवतात. अळ्यांची एक बॅच साधारण महिनाभरात निघते आणि वर्षातून अनेक बॅचा घेता येतात. पूर्वी हे कोष विकायला कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत. 2018 मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली. गडचिरोली-भंडाऱ्याकडे तर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवणे हे ढिवर कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. मराठवाड्याचा कोष येवल्याच्या मागावर यायचा तर धागा काढणे, त्याला पीळ देणे आणि रंगवणे ही मधली कामे इथे वाढायला हवीत; माग बंद करून ती वाढणार नाहीत.