घर सोडून सगळं

शहराच्या ऐन मध्यात घर बघायला गेलं की एजंट घर सोडून सगळं दाखवतो. स्टेशन पाच मिनिटांवर, शाळा पाच मिनिटांवर, दवाखाना पाच मिनिटांवर आणि बाजार तर काय, खालीच. खोल्या केवढ्या आहेत असं विचारलं की तो दुखावल्यासारखा बघतो. "सर, लोकेशन बघा ना!"

ही पाच मिनिटं कोणाच्या पायांनी मोजतात, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. जपानात म्हणे घरांच्या जाहिरातींसाठी हिशेब ठरलेला आहे: ८० मीटरला एक मिनिट, वर थोडं अंतर उरलं तर ते पुढच्या मिनिटात धरायचं. म्हणजे पाच मिनिटं म्हणजे फार तर ४०० मीटर. वाचून भरून आलं. पुढे मात्र, सिग्नलला थांबण्याचा वेळ त्यात धरत नाहीत असंही कळलं आणि जगातल्या सगळ्या एजंटांची कुळी एकच, याची खात्री पटली. आमचा एजंट तर स्कूटरवरून उतरतच नाही. त्याचं चुकत नसेलही.

फोटोंचं वेगळंच. फोटोतला हॉल थेट क्षितिजापर्यंत गेलेला. प्रत्यक्षात मी, बायको आणि एजंट आत शिरलो आणि हॉल संपला. ही सगळी वाइड अँगल लेन्सची करामत. बायकोने त्यावर उतारा शोधलाय. या लेन्समध्ये कडेच्या वस्तू ताणल्या जातात, त्यामुळे फोटोच्या कोपऱ्यातलं गोल घड्याळ लंबगोल दिसलं की ती खोली निम्मीच धरायची. घड्याळच नसेल तर बघायलाच जायचं नाही.

एजंट सबंध वेळ खिडकीला पाठ लावून उभा होता. मला वाटलं, दमला असेल बिचारा. बायकोने त्याला बाजूला करून खिडकी उघडली आणि ते पाच मिनिटांवरचं सगळं एकदम घरात आलं. शाळेची मधली सुट्टी आली, दवाखान्याकडे निघालेली रुग्णवाहिका आली आणि उलटा येणारा कचऱ्याचा ट्रक तर पींपीं करत बराच वेळ थांबला. रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज सरासरी ५३ डेसिबलच्या आत असावा, रात्री ४५ च्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सुचवलंय. आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मी फोनवर मोजायला घेतलं, तेव्हा आकडा सत्तरीत खेळत होता.

"आज जरा जास्त आहे, सर," एजंट ओरडून म्हणाला.

"आम्ही रात्री येऊन बघू का?" बायकोने तितक्याच जोरात विचारलं.

"रात्री काय दिसणार, मॅडम?"

पण खरी परीक्षा जिन्याची. इमारत जुनी, जिना अरुंद, आणि प्रत्येक मजल्यावर काटकोनात वळण. आमचा सोफा इथून वर चढेल का? यात हसण्यासारखं काही नाही. एका काटकोनी वळणातून जास्तीत जास्त केवढा सोफा जाईल, हा प्रश्न लिओ मोझर नावाच्या गणितज्ञाने १९६६ मध्ये मांडला. १९९२ मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी एक आकार सुचवला. एक एकक रुंदीच्या बोळातून २.२१९५ चौरस एकक क्षेत्रफळाचा सोफा निघतो. दिसायला तो जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा असतो, बसायला कसा ते गणितात दिलेलं नाही. आणि हे सगळं सपाट जमिनीवर. मोझर यांनी पायऱ्या धरलेल्याच नाहीत, कठड्याचा तर विषयच नको.

मी हे सविस्तर सांगत असताना बायको टेप घेऊन दोन मजले खाली गेली होती. एजंट मात्र शांतपणे ऐकत होता.

"सर, सोफ्याचं राहू द्या," तो म्हणाला. "आतल्या खोलीतलं लाकडी कपाट मालक तुम्हाला तसंच देणार आहेत. भेट म्हणून."

"अरे वा! का बरं?"

"निघत नाही."